विहीणबाईंचं लाइव्ह

माझ्या विहिणीला, नेमतला, ओळखत नाही असा माणूस आमच्या दमियात शहरात शोधायचा तर कबरस्तानात जावं लागेल, आणि तिथल्याही बऱ्याच जणांचा मौतीनंतरचा चाळिसावा दिवस तिनंच फोनवरून परदेशातल्या पोरांना दाखवलाय. हे मी कौतुकानं सांगत नाही. मी तिच्यावर जळते. लोक असल्या गोष्टी आडून आडून बोलतात, मला ते जमत नाही. तिचं नाव कुणी गोड आवाजात घेतलं की माझ्या पोटात दुखतं, आणि या गल्लीत तिचं नाव कडू आवाजात कुणी घेतच नाही.

बाई दिसायला काही विशेष नाही. बुटकी, गोल, गुडघे कुरकुरतात. डोक्यावरच्या रुमालाखालून मेंदीनं लाल केलेली एक बट मुद्दाम बाहेर. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. खांद्याला एक पिशवी, तिच्यात फोन उभा करायचा स्टँड, चार्जर, लांबलचक वायरी, चिकटपट्टी आणि एक गोल दिवा. ती पिशवी घेऊन नेमत जिना चढायला लागली की प्रत्येक मजल्यावरचं दार उघडतं. "हाझिमची आई, चहा घेऊन जा." "हाझिमची आई, आमच्या मुलीच्या साखरपुड्याला तुम्ही मोकळ्या आहात ना?" सुईणीलासुद्धा एवढा मान मिळत नसेल.

हाझिम हा तिचा थोरला, माझा जावई. त्याआधी नेमत माझी बालमैत्रीण होती. एकाच गल्लीत वाढलो, एकमेकींच्या वेण्या ओढल्या, शिवणाच्या वर्गात एकाच मशीनवर भांडलो. मुलांचं लग्न ठरलं त्या दिवसापासून मात्र दोघी एकमेकींना 'तुम्ही' म्हणायला लागलो. तो 'तुम्ही' आमच्या दोघींच्याही घशात अडकतो, पण चारचौघांत सोडवत नाही.

नोकरीत असताना ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसायची. कानाला यंत्र लावून अख्ख्या शहराचे फोन जोडायची. कुणाची सून माहेरी काय सांगते, कुठल्या सुतारानं कुणाचा सोफा अडवून ठेवलाय, तिला सगळं आधी कळायचं. पण तोंडाची पक्की. एक शब्द कधी बाहेर गेला नाही. तेवढं मी नाइलाजानं मान्य करते. नवरा लवकर गेला. तिन्ही मुलं पंख फुटल्याबरोबर उडाली: हाझिम कुवेतला, मधला मिलानला, धाकटा जेद्दाला. त्यांच्याशी बोलता बोलता ती व्हिडिओ कॉल शिकली, मग एकाच वेळी तिघांशी बोलायचा गटाचा कॉल शिकली. तिथंच थांबली असती तर माझं काही बिघडलं नसतं.

महामारीच्या वर्षी आमच्या गल्लीतले झग्लूल मिस्त्री वारले. खुर्च्यांच्या पाठीवर नक्षी कोरण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता. मंडप घालायला बंदी, मुलं इटलीत अडकलेली. नेमतनं गटाचा कॉल लावला. पण त्या कॉलमध्ये ठरावीकच माणसं मावायची. आत कोण, बाहेर कोण यावरून मयताच्या घरी भांडण पेटलं. मिस्त्रींच्या मेहुण्यानं तर शपथ घातली की मला आत घेतलं नाही तर मी दुखवट्याची कॉफी पिणार नाही. तेव्हा नेमतनं कुठून तरी शोधून काढलं की कॉलला एक जादा सोय जोडता येते. ती जोडली की कॉलमधलं चित्र जसंच्या तसं बाहेर लाइव्ह जातं, आणि ज्याच्याकडे लिंक असेल तो जगात कुठूनही बघू शकतो. त्याला बोलता येत नाही, नुसतं बघता येतं. तशी सोय पुरवणारे बरेच निघाले. कुणाचं चित्र तुटायचं, कुणी मधेच शाम्पूची जाहिरात दाखवायचं. तिनं सगळे लावून पाहिले, काढून टाकले, पुन्हा लावले. शेवटी एक पसंत पडला, आणि तेव्हापासून दमियातमधली लग्नं, साखरपुडे, मौती, हजहून परतलेल्यांच्या मेजवान्या, सगळं तिच्या हातातून जगात जातं.

आता माझं दुखणं सांगते. बाळाचा सातवा दिवस, आमचा सबूअ, हे माझं राज्य होतं. पितळी खलबत्ता बाळाच्या कानाशी ठणाठणा वाजवून "आईचं ऐक, बापाचं ऐकू नको" असं गायचं, बाळाला चाळणीत घालून हलवायचं, मीठ आणि सात धान्यं उधळत घरभर मिरवायचं, याला आवाज लागतो आणि तो अल्लानं मला दिलाय. माझ्याशिवाय गल्लीत सबूअ होत नसे. आधी मला विचारायचे, "इन्साफताई, कधी येता?" मग दिवस ठरायचा. आता आधी नेमतला विचारतात. ती म्हणेल तो दिवस. मग कुणाला तरी आठवतं आणि मला निरोप येतो. एका घरी तर नेमतनं मला सगळ्यांदेखत सांगितलं, "विहीणबाई, खल जरा हळू वाजवा, माइक फाटतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माइक फाटतो म्हणे! माझ्या खलाच्या आवाजानं या गल्लीतली अर्धी पोरं पहिल्यांदा दचकली आहेत.

अशात माझ्या नहलाला मुलगी झाली. बाळंतपण अर्थातच माझ्या घरी. माझी एकुलती एक लेक, तिची पहिली मुलगी, माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर. हाझिमला रजा मिळाली नाही, तो कुवेतहूनच रडत होता. बाळाचा चाळिसावा दिवस झाला की नहला त्याला घेऊन हाझिमकडे जाणार होती. त्या गोष्टीचा विचार मी करत नव्हते. माझ्या डोक्यात एकच होतं: मुलीचं नाव रतीबा ठेवायचं. रतीबा माझी आई. तिनं आम्हा बहिणींना दुसऱ्यांच्या चादरी शिवून वाढवलं. तिच्या नावाची एकही मुलगी आमच्या घराण्यात नाही.

नेमतला तिच्या आईचं नाव हवं होतं, गुलसुन. नहला आणि हाझिमला हवं होतं टालिया.

"टालिया हे काय नाव आहे?" मी म्हटलं. "कपडे धुवायच्या पावडरीला ठेवतात असलं नाव."

नहला हुशार. ती म्हणाली, "सबूअच्या दिवशी तीन मेणबत्त्या लावायच्या, तिन्हींना एकेक नाव द्यायचं. शेवटपर्यंत जी जळेल तिचं नाव बाळाला. मग दोन्ही आयांनी तोंडं फुगवायची नाहीत." जुनी रीत आहे, आमच्यात पुष्कळ जणांची नावं अशीच पडली. दोघींनी कुराणाची शपथ घेतली. मी मनातल्या मनात आणखी एक शपथ घेतली की हरले तरी रडणार नाही, निदान नेमतसमोर नाही.

आदल्या दिवशी दुपारी बाई पिशवी घेऊन हजर. माझ्याच घरात उभी राहून फर्मानं सोडायला लागली.

"हा दिवाण खिडकीकडे सरकवा. इथं उजेड मागून येतो, माणसं काळी दिसतात."

"माझ्या घरात माणसं काळी दिसत नाहीत."

"आणि विहीणबाई, हा फोटो उतरवा. काचेत दिवा चमकतो."

तो फोटो माझ्या नवऱ्याचा. ते गेल्यापासून तो त्या भिंतीवरून हलला नव्हता. मी नहलाकडे बघितलं. माझ्याच पोटची पोर म्हणाली, "आई, एका दिवसाचा तर प्रश्न आहे." फोटो उतरला. मी तो स्वतःच्या हातानं कपाटात ठेवला आणि नहलाच्या बाबांची माफी मागितली.

मग नेमतनं चष्मा नाकावर चढवला आणि माझ्या जेवायच्या टेबलावर नहलाचा लॅपटॉप उघडला. गटाचा कॉल आधीच होता, त्याला ती लाइव्हची जोडणी लावायची होती. यंत्र एकेक परवानगी मागत होतं आणि ती मोठ्यानं वाचून होकार देत होती. "कॅमेरा वापरू का? वापर. आवाज घेऊ का? घे. तुमच्या वतीनं प्रसारण करू का? कर."

"माझ्या वतीनं? घर माझं, नात माझी, आणि परवानगी तुम्ही देणार?"

"मग तुम्ही दाबा," ती बाजूला सरकली. "इथं."

मी दाबलं. कुठं दाबलं कोण जाणे, सगळी पाटी गायब झाली. तिनं एक शब्द न बोलता पहिल्यापासून पुन्हा सगळं केलं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

जोडणी झाल्यावर तिनं माझ्या हातात पळी दिली. "हलवा." मी हलवली. दुसऱ्या फोनवर तिनं लिंक उघडली होती. त्यात मी अजून पळीशिवाय उभी, नाक खाजवत होते. बऱ्याच वेळानं त्या फोनमधल्या बाईनं पळी हलवली.

"हे काय?"

"बाहेर बघणाऱ्यांना सगळं मिनिटभर उशिरा दिसतं. आतल्यांना लगेच. चित्र आधी दूरच्या यंत्रांवर जाऊन मग परत येतं."

"आणि मग राहतं का ते, पुन्हा बघायला?"

"नाही. बाळाच्या गोष्टी मी ठेवत नाही. कुणाची नजर कशी असते सांगता येत नाही. एकदा दिसलं की संपलं."

मग कळलं की आतल्या यादीत तिची तिन्ही मुलं, तिची चुलतबहीण, चुलतबहिणीची सून. माझी सख्खी बहीण बहिया, अलेक्झांड्रियाची, ती बाहेर.

"माझी बहीण बाहेर आणि तुमची चुलतबहीण आत?"

"तुमची बहीण आवाज बंद करत नाही हो. झग्लूल मिस्त्रींच्या वेळी कुराणपठण चाललंय आणि मागे तिचा कुकर शिट्ट्या मारतोय. अख्ख्या मिलाननं ऐकलं."

खरं होतं ते. म्हणून जास्तच राग आला.

सबूअच्या संध्याकाळी घर भरलं. सुतारकामाच्या दुकानांतल्या करवती बंद झाल्या आणि बायका यायला लागल्या. एरवी या दिवशी बायका केस मोकळे सोडून बसतात. आता कॅमेऱ्यामुळे सगळ्यांना डोक्यावर रुमाल घ्यावा लागला. समोरची सुहैर केस करून आली होती, ती दारातच कुरकुरली. पण कुरकुर कुणाजवळ? माझ्याजवळ. नेमतजवळ गेल्यावर हसून म्हणाली, "मी कुठं बसू म्हणजे नीट दिसेन?"

बाळंतिणीच्या घरी सगळ्यांना पाजायचं मुघात उकळत होतं, तूप आणि मेव्याचा वास जिन्यापर्यंत. ताटात सात धान्यं, मधोमध फुलांनी सजवलेली सुरई, सुरईच्या भोवती तीन मेणबत्त्या, एकाच पुड्यातल्या. डावीकडची रतीबा, उजवीकडची गुलसुन, मागची टालिया. नेमतनं पंखा बंद करायला लावला. घामानं सगळ्या निथळत होत्या आणि स्टँडवरच्या फोनमधून हाझिम ओरडत होता, "आई, ती दिसतेय! माझ्याकडे बघतेय!" ती डोळे मिटून झोपली होती.

मी गायले. सांगते, असं गाणं मी जन्मात गायले नव्हते. खल असा वाजवला की बाळानं डोळे उघडले आणि बायकांनी जिभा हलवून आनंदाच्या आरोळ्या ठोकल्या. "आईचं ऐक, बापाचं ऐकू नको, आणि आजीचं सगळ्यात आधी ऐक!" नेमत फोनजवळून ओरडली, "कोणत्या आजीचं?" सगळ्या हसल्या. माझं गाणं आणि हशा तिला. नहला बाळावरून सातदा पाऊल टाकून गेली, चाळण हलली, मीठ उधळलं. या सगळ्यात माझा एक डोळा ताटावर होता. टालिया तर मिरवणूक संपायच्या आत विझली. नहला म्हणाली, "जाऊ दे, पावडरीचंच नाव होतं." आता दोनच राहिल्या.

सगळ्या ताटाभोवती गोळा झाल्या. दोन्ही ज्योती अगदी बुडाशी आल्या होत्या, मेणाच्या थारोळ्यात थरथरत होत्या. मी मनात आईला हाका मारत होते. नेमत समोर होती, फोनच्या बाजूला, ताटावर वाकलेली. तिच्या ओठांवर हसू नव्हतं. मला वाटलं, हिलाही हवंय, माझ्याइतकंच हवंय. तेवढ्यात खाली गल्लीत कुणीतरी हा एवढा मोठा फटाका फोडला. बाळ किंचाळलं, आम्ही सगळ्या बाल्कनीकडे वळलो, सुहैर फटाका लावणाऱ्याच्या बापाचा उद्धार करायला लागली. मान परत वळवली तर दोन्ही मेणबत्त्यांतून धूर निघत होता.

"कुठली शेवटी?" नहलानं विचारलं.

"रतीबा!" मी म्हटलं.

"गुलसुन, मी बघितलं," नेमतची चुलतबहीण फोनमधून म्हणाली.

"तू कशी बघशील, तुझा फोन सुनेच्या हातात आहे!"

"हाझिम, तू तरी बघितलंस का?"

"मी डोळे पुसत होतो," हाझिम म्हणाला. असा जावई.

एकच गलका झाला. त्या गलक्यात माझा फोन वाजला. अलेक्झांड्रियाहून बहिया.

"काय गं आरडाओरडा चाललाय तुमचा, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतका? मला फोनमधून ऐकू येतंय. अजून दोन्ही जळतायत की छान!"

क्षणभर मला काही कळेना. मग पळी आठवली. "लिंक!" मी ओरडले. "लिंक उघडा कुणीतरी! तिकडं अजून जळतायत!"

सुहैरनं तिच्या फोनवर उघडली. "थांबा," नेमत म्हणाली, "नको ते. तसं नसतं बघायचं. चित्र बरोबर येत नाही." तिचा चेहरा उतरला होता. मला आतून उकळ्या फुटल्या. घाबरली! हरलीय आणि तिला ठाऊक आहे! "का नको?" मी म्हटलं. "तुमचंच तर लाइव्ह आहे."

सगळ्यांची डोकी त्या हाताएवढ्या पडद्यावर. पडद्यात आम्ही अजून ताटाभोवती उभ्या होतो आणि दोन्ही ज्योती थरथरत होत्या. सगळ्यांचे डोळे ज्योतींवर. माझे नेमतवर. मला सवयच तशी लागलीय, ती जिथं असेल तिथं मी तिलाच बघते. ती चित्राच्या कडेला होती, कपाळ चौकटीबाहेर गेलेलं, नाकापासून खालचा चेहरा तेवढा दिसत होता. फटाका वाजला. पडद्यातल्या सगळ्या माना बाल्कनीकडे वळल्या, माझीसुद्धा. तिची वळली नाही. तिचे गाल फुगले, ओठ गोल झाले. उजवी ज्योत, तिच्याच गुलसुनची, आडवी झाली आणि गेली. डावी एकटीच जळत राहिली, थोडा वेळ, आणि मग आपली आपण विझली.

"रतीबा! रतीबा!" सगळ्या ओरडल्या. सुहैरनं मला मिठी मारली. नहला हसत होती. पडद्यावरचं चित्र पुढं सरकलं होतं, आता तिथं आम्ही भांडत होतो. जे दिसलं ते एकदाच दिसलं, आणि ते फक्त मला.

रीत सगळ्यांना माहीत आहे: फुंकलेली मेणबत्ती जमेस धरत नाहीत. पुन्हा लावायची. पुन्हा लावली तर काय होईल, अल्ला जाणे.

"थांबा," मी म्हटलं. "नाव ठरलेलं नाही अजून."

"आई, तुझंच तर जिंकलं!"

"थांबा म्हटलं ना. मुघात वाढा सगळ्यांना." मी नेमतचं मनगट धरलं आणि तिला स्वयंपाकघरात ओढून दार लावलं.

"तू फुंकलीस," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी तोंडातून 'तू' गेलं.

तिनं चष्मा काढला, रुमालाच्या टोकानं पुसला. "तुझी नजर म्हणजे ना, इन्साफ."

"का फुंकलीस? मला भीक घालतेस? माझ्या घरात, माझ्या आईच्या नावाची भीक?"

"भीक कसली. माझ्या आईला तू ओळखत होतीस. चपलेनं मारायची मला. मुलीला गुलसुन म्हणून हाक मारायची तर मलाच धडकी भरली असती."

"मग मेणबत्ती कशाला लावलीस?"

"मुलांना वाटायला नको की आईला हौस नाही."

"खोटं बोलतेस. एक्स्चेंजमध्ये बसून बसून खोटं बोलायला शिकलीस. मी आत्ता बाहेर जाऊन सांगते सगळ्यांना. पुन्हा लावू मेणबत्त्या."

"सांग," ती म्हणाली. मुघातच्या पातेल्याखालचा गॅस तिनं बारीक केला. माझा गॅस, माझं पातेलं. "पण आधी ऐक. चाळिसावा झाला की नहला जाणार. विमानतळावरून परत येशील तेव्हा या घरात कुणी नसेल. तू अजून पाहिलेलं नाहीस ते. मी तीनदा पाहिलंय. हाझिम गेला तेव्हा मी कितीतरी दिवस त्याचं पांघरूण रात्री घालत होते आणि सकाळी घडी करत होते. मग शिकले. आता मला पडद्यातली माणसं पुरतात. पुरतात म्हणजे, पुरवून घेते. नात पडद्यात मोठी होईल, ते मला जमेल. तुला नाही जमणार. तू व्हिडिओ कॉलवर फोन कानाला लावतेस. त्या पोरीला वर्षभर तुझा कान दिसेल." ती हसली नाही. "म्हणून म्हटलं, निदान नाव तरी तुझ्या घरचं असू दे. तिकडं दिवसातून दहादा कुणीतरी तुझ्या आईला हाक मारेल."

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. मी ज्या गोष्टीकडे पाठ करून बसले होते ती हिनं माझ्या वतीनं नीट बघून ठेवली होती, तिची तयारीसुद्धा करून ठेवली होती, आणि मला ती रिकामी झालेली खोली हिच्याच तोंडून पहिल्यांदा दिसली. माझं गाणं, माझी गल्ली, माझ्या नवऱ्याची भिंत, सगळं घेतलं तिनं. आता माझं दुःखही तिला माझ्याआधी ठाऊक होतं. वाटलं, दार उघडावं आणि ओरडून सांगावं, हिनं फुंकली, मेणबत्त्या आणा. मी दार उघडलं.

सगळ्या मुघातचे पेले हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. नहलाच्या मांडीवर बाळ जागं होतं, तोंडानं चुळबुळ करत होतं.

"आई, काय झालं? रतीबाच ना?"

कुणाकडून काही घ्यायची मला सवय नाही. लग्नात आलेल्या भेटीसुद्धा मी पुढच्या वर्षी दुपटीनं परत केल्या होत्या. नेमत माझ्या मागे उभी होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी बाळाकडे बघितलं. हनुवटी अगदी आईची होती, शिवताना दोरा दातानं तोडायची तेव्हा दिसायची तशी.

"हो," मी म्हटलं. घसा साफ केला. नाव मोठ्यानं घ्यायला तोंड उघडलं.

तेवढ्यात ही बया माझ्या बगलेतून पुढं सरकली, फोनसमोर वाकली आणि ओरडली, "हाझिम! रतीबा! तुझ्या लेकीचं नाव रतीबा!" आणि तिनं अशी काही आनंदाची आरोळी ठोकली की सगळ्या बायका तिच्या सुरात सूर मिळवायला लागल्या. मिलानवाला टाळ्या वाजवत होता, जेद्दावाला वाजवत होता. माझ्या आईचं नाव कुवेतला गेलं ते नेमतच्या आवाजात.

मी तिला कोपरानं ढकललं, चांगलं जोरात. फोनसमोर उभी राहिले आणि तिच्याहून वरच्या पट्टीत ओरडले, "रतीबा!"

"ऐकलं, आई," हाझिम हसत म्हणाला. "ऐकलं मी."

"मग आता माझ्या तोंडून ऐक," मी म्हटलं.